टोपलीतले रिमोट आणि फोनच्या कडेचा काळा ठिपका

नागपुरात मे महिन्यात एसीचा रिमोट बंद पडणं म्हणजे घरात आणीबाणी. आमच्या बेडरूममधला असाच भर दुपारी गेला. सेल बदलले, सेलखालच्या स्प्रिंगा पुसल्या, बाबांनी तो तळहातावर आपटून पाहिला. रिमोटच्या पट्टीवर आकडे दिसत होते, एसी मात्र ढिम्म. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, डुप्लिकेट रिमोट मिळतो, पण त्या उन्हात बर्डीवर जाणार कोण? तेवढ्यात मुलगा म्हणाला, "पप्पा, तुमच्या फोनमध्येच आहे ना रिमोट!"

आधी रिमोट खरंच गेलाय का ते बघायचं होतं. त्याची युक्ती सोपी आहे. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करायचा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. रिमोटमधून निघणारा इन्फ्रारेड प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला दिसतो. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकतो. मागचा कॅमेरा त्यासाठी तितका उपयोगाचा नाही, कारण त्याच्यावर इन्फ्रारेड अडवणारा चांगला फिल्टर बसवलेला असतो. टीव्हीचा रिमोट धरला तर ठिपका दिसला, एसीचा धरला तर काहीच नाही. म्हणजे दिवाच गेलेला. मग मुलाच्या फोनचा कॅमेरा माझ्या फोनच्या वरच्या कडेवर रोखला आणि रिमोटच्या ॲपमधलं बटण दाबलं. चार्जिंगच्या विरुद्ध बाजूला जो बारीक काळा, चकचकीत ठिपका असतो, तो जांभळा पेटला.

हा ठिपका म्हणजे आयआर ब्लास्टर, इन्फ्रारेड (आयआर) सोडणारा दिवा. माझा फोन शाओमीचा आहे, आणि या कंपनीने आपल्या बऱ्याच फोनमध्ये तो टिकवून ठेवलाय. २०१३ च्या सुमाराला सॅमसंगचा गॅलेक्सी एस४, एचटीसी वन अशा महागड्या फोनमध्ये तो मोठ्या कौतुकाने दिलेला असायचा. त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड ४.४ मध्ये त्याच्यासाठी वेगळी सोयही झाली. मग हवा बदलली. सॅमसंगने २०१६ च्या एस७ पासून तो काढून टाकला. आयफोनमध्ये तर तो कधी नव्हताच. त्यामुळे लाखाचा फोन जे करत नाही ते पंधरा हजारांचा करतो, असा हा दुर्मीळ प्रकार आहे. घरात पुण्याहून मेहुणे आले की मी तो मुद्दाम दाखवतो.

एसी जोडणं मात्र "कंपनी निवडा, झालं" इतकं सरळ नव्हतं. ॲप आधी उपकरणाचा प्रकार विचारतं, मग कंपनी. नंतर एक बटण दाखवून विचारतं, "एसीने प्रतिसाद दिला का?" एकाच कंपनीचे एसी वेगवेगळ्या काळात वेगवेगळे सांकेतिक संच वापरतात, म्हणून ॲप एकेक संच पाठवून बघतं. आमचा एसी लवकरच 'टीं' करून उघडला आणि घरात टाळ्या पडल्या. इथे थांबू नका, हे मी आता सगळ्यांना सांगतो. तो संच चालू-बंद करत होता, तापमानही बदलत होता, पण झडपा हलवायचं बटण दाबलं की पंख्याचा वेग बदलायचा. "नाही" म्हणून पुढे गेलो, तेव्हा कुठे सगळी बटणं आपापल्या जागी बसली. चालू होणं ही परीक्षा नाही. झडपा, टर्बो, टायमर आणि ड्राय मोड तपासल्याशिवाय "हो" म्हणायचं नाही.

असं का होतं ते शोधताना मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मजेदार गोष्ट सापडली. टीव्हीचा रिमोट एका वेळी एकच हुकूम सोडतो: आवाज वाढव, पुढचं चॅनेल लाव. रिमोटच्या टोकाचा दिवा सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करतो, म्हणजे बल्ब आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशातून टीव्हीला तो वेगळा ओळखता येतो. या उघडझापीचे लहानमोठे तुकडे पाडून संदेश बनतो. एनईसी नावाची एक प्रचलित पद्धत आहे, तिच्यात तो ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ खुणांचा असतो: कोणासाठी आहे, काय करायचं आहे, आणि चूक होऊ नये म्हणून दोन्ही गोष्टी पुन्हा उलट्या करून. एसीचं तसं नाही. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी सगळी परिस्थिती पाठवतो: चालू, कूलिंग, २५ अंश, पंखा मध्यम, झडपा स्थिर. तुम्ही फक्त एक अंश कमी केलात तरी सगळं पत्र नव्याने लिहून जातं. म्हणूनच एसीच्या रिमोटला पडदा असतो आणि टीव्हीच्या रिमोटला नसतो. किती तापमान लावलंय हे तो एसीला विचारत नाही, स्वतःच लक्षात ठेवतो.

आता याचा घरातला परिणाम बघा. यथावकाश बर्डीवरून डुप्लिकेट रिमोटही आला. रात्री बाबांनी त्या रिमोटने २७ केलं. माझ्या फोनला त्याचा पत्ता नाही, फोनवर अजून २४ च. मला थोडं उकडलं म्हणून मी एक अंश कमी केला. माझ्या हिशेबाने २७ चे २६ व्हायला हवे, पण फोनने पत्र लिहिलं ते २३ चं, आणि एसीने ते पाळलं. पहाटे बाबा चादर डोक्यावरून ओढून बसलेले. "कोण करून राहिलं बे हे?" फोन बोलतो, एसी ऐकतो, पण एसी उलट काही सांगत नाही. इन्फ्रारेडचा हा एकतर्फी कारभार ध्यानात आला की निम्म्या तक्रारी संपतात. आता आमच्याकडे नियम आहे की बेडरूमचा एसी एकतर फोनने चालवायचा नाहीतर रिमोटने, दोन्हींनी नाही. २०२० पासून स्टार लेबल असलेल्या नव्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने बंधनकारक केलं, त्यामुळे भांडणाला निदान एक सरकारी सुरुवात मिळते.

एसीवर जम बसल्यावर माझी नजर हॉलमधल्या टीपॉयवरच्या टोपलीकडे गेली. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, टीव्हीच्या मागे लावलेली स्ट्रीमिंग स्टिक, साउंडबार, दोन पंखे, शिवाय कशाचा ते कोणालाच न आठवणारा एक. ही टोपली रिकामी करायची असं ठरवून मी कामाला लागलो.

टीव्ही आणि साउंडबार पटकन जोडले गेले. अडचण आली ती हाताची. फोनचा दिवा वरच्या कडेला, आणि फोन आपण धरतो उभा. म्हणजे तो प्रकाश जातो छताकडे. टीव्हीला लावायचं तर फोन आडवा झोपवून त्याचं टोक टीव्हीकडे करायचं आणि त्याच वेळी पडद्यावरचं बटण शोधायचं. पोहे खाता खाता हे जमत नाही. जाड कव्हर असेल तर तो ठिपका अर्धा झाकला जातो, तेही एकदा तपासून घ्या. फोनचा दिवा रिमोटपेक्षा मंदही वाटला. समोर बसून उत्तम चालतो, पण स्वयंपाकघराच्या दारातून तिरका मारला की टीव्ही दाद देत नाही. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट टीव्हीच्या पायथ्याशी येतं तेव्हा तर खरा रिमोटही अडखळतो. उन्हाचं आणि रिमोटचं वैर जुनं आहे. १९५५ साली झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी पहिला बिनतारी टीव्ही रिमोट बनवला, तो चक्क टॉर्चसारखा साध्या प्रकाशावर चालायचा, आणि पडद्याच्या कोपऱ्यावर ऊन पडलं की टीव्ही आपल्या मनाने काहीतरी करायचा.

स्ट्रीमिंग स्टिकपाशी आयआरचा उपयोग संपला. तिचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. ती टीव्हीच्या मागे लपलेली असते, तिथे प्रकाश पोचणार कसा? पण तिथेच फोनचा सगळ्यात मोठा फायदा हाती आला. स्टिकच्या कंपनीचं स्वतःचं ॲप असतं, गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही असेल तर गूगल टीव्हीच्या ॲपमध्येच रिमोट असतो. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असले की टीव्हीवर एक छोटा कोड येतो, तो फोनमध्ये टाकला की काम झालं. इथे नेम धरावा लागत नाही, फोन खिशात असला तरी चालतो. आणि मुख्य म्हणजे टायपिंग. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकण्याची शिक्षा ज्यांनी भोगली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. फोनच्या कीबोर्डवरून मी मराठीत नाव लिहितो, ते टीव्हीवर उमटतं. बाकी काही केलं नाहीत तरी एवढं करा. मात्र वायफाय गेलं की हा रिमोटही गेला. लाइट गेल्यावर आमचा टीव्ही इन्व्हर्टरवर चालायचा आणि राउटर बंद पडायचा, म्हणून आता राउटरही इन्व्हर्टरवर घेतलाय.

पंख्यांनी मला खरं कामाला लावलं. हॉलमध्ये दोन बीएलडीसी पंखे आहेत, कमी वीज खाणारे, रिमोटवाले. फोनच्या ॲपच्या यादीत पंखा हा प्रकार होता, पण त्यात आमची कंपनी नव्हती. इतर कंपन्यांचे संच पाठवून पाहिले, पंखे आपल्याच तालात. आता वाटेल, फोनने खऱ्या रिमोटकडून शिकून घ्यावं. पण माझ्या फोनमध्ये फक्त तोंड आहे, कान नाही. इन्फ्रारेड सोडायचा दिवा आहे, घ्यायचा डोळा नाही. पूर्वीच्या काही फोनना शिकता यायचं, आता बहुतेकांना येत नाही.

मग वायफायवाला आयआर ब्लास्टर मागवला. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, हजार-दीड हजारात मिळते. तिच्यात दिवाही असतो आणि डोळाही. फोन तिला वायफायवरून सांगतो, ती खोलीभर इन्फ्रारेड फेकते. म्हणजे बिनआयआरचा फोनही, अगदी आयफोनसुद्धा, रिमोट होतो. पहिलाच अडथळा राउटरचा. अशा बहुतेक डब्या वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात आणि आमच्या राउटरने २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव दिलेलं. डबी सापडतच नव्हती. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं दिली, फोन २.४ वर आणला, तेव्हा जोडणी झाली. ज्यांच्याकडे राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडे असतो, त्यांनी तो आधीच मागून ठेवावा.

शिकवणं हे शांतपणे करायचं काम आहे. ॲपमध्ये 'शिका' म्हणायचं, डबीवरचा दिवा लागला की पंख्याचा रिमोट वीतभर अंतरावर धरायचा आणि बटण एकदाच, थोडक्यात दाबायचं. दाबून धरलं तर तोच संदेश पुन्हा पुन्हा जातो आणि डबी भलतंच लक्षात ठेवते. शिकवलेल्या बटणाला लगेच नाव द्यायचं, नाहीतर सगळी बटणं सारखीच दिसतात. आमच्याकडे वेग एक ते पाच, बूस्ट, स्लीप, दिवा, सगळं एका दुपारीत शिकवून झालं. एसीला मात्र असं बटणाबटणाने शिकवण्यात अर्थ नाही, कारण तिथे प्रत्येक तापमानाचं पत्रच वेगळं. त्यासाठी डबीच्या ॲपमधला तयार संच शोधावा.

पंखे चालले, पण दोन्ही एकदम. एकाच कंपनीचे, एकाच खोलीतले, एकाच संकेतावर चालणारे. सोफ्यावरचा वेग कमी केला की जेवणाच्या टेबलावरचाही कमी होतो. रिमोट हातात असताना नेम धरून थोडंफार सांभाळता यायचं, डबी मात्र चहूकडे फेकते. यावर तोडगा असा नाही, डबीची जागा बदलत बदलत तडजोड काढावी लागते. आमची आता सोफ्याच्या बाजूच्या कपाटावर आहे, मागे पुस्तकांची आड. इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे हॉलमधल्या डबीने बेडरूमचा एसी चालत नाही. "एक डबी, सगळं घर" असं जाहिरातीत वाचलंत तर ते घर एका खोलीचं आहे असं समजावं.

आता कूलर. नागपूरकराला एसीपेक्षा कूलर जवळचा. आमचा पत्र्याचा आहे, बाहेरच्या खिडकीला लावलेला, वाळ्याच्या ताट्यांचा. त्याला ना रिमोट ना पडदा, फक्त फिरवायचा खटका. मला वाटलं होतं इथे फोनचं काही काम नाही. पण यालाच फोन सगळ्यात छान जमला, आणि त्याचं कारण तो खटकाच. खटका 'मध्यम'वर ठेवला की वीज आली की कूलर सुरू, गेली की बंद. म्हणून मधे एक वायफाय स्मार्ट प्लग, म्हणजे फोनवरून वीज चालू-बंद करता येणारा प्लग, लावला की झालं. बटणाला बोट लावल्याशिवाय चालू न होणारी, पडदेवाली उपकरणं प्लगवर नुसती जागी होतात आणि वाट बघत बसतात, कूलर मात्र लगेच कामाला लागतो. आता रात्री झोपताना लावलेला कूलर पहाटे आपोआप बंद होतो. पूर्वी त्या वेळी अंग गारठून कोणीतरी उठायचंच. एसीला मात्र असा प्लग लावून झटक्यात वीज तोडू नका. त्याला त्याच्या पद्धतीने, संकेतानेच बंद होऊ द्यावं.

पत्र्याच्या कूलरबाबत दोन गोष्टी खेळ म्हणून घेऊ नयेत. प्लग लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं. आमच्या भागात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आणि टाकीत पाणी भरताना, ताट्या काढताना फोनवरून बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून काढायची. घरात आणखी कोणाच्या फोनवर तेच ॲप असतं, किंवा वेळापत्रक लावलेलं असतं. तुमचा हात पंपाजवळ असताना कूलर सुरू व्हायला एवढं पुरतं. प्लगच्या सेटिंगमध्ये 'लाइट आल्यावर काय करायचं' हाही पर्याय असतो. मी तो 'बंदच राहा' असा ठेवलाय. गिझरला आणि इस्त्रीला प्लग लावायचा मुलाचा प्रस्ताव मी फेटाळला. जे तापतं ते समोर कोणी असतानाच चालू व्हावं, असं माझं जुनाट मत आहे.

हे सगळं मार्गी लागल्यावर एक दिवस मी ऑफिसात असताना आईचा फोन आला. "अरे, तो पंखा कसा बंद करू?" पंख्याचा रिमोट मी कपाटात ठेवलेला, आणि नवा रिमोट माझ्याबरोबर ऑफिसात. मी ऑफिसातूनच पंखा बंद करून दिला. तिला त्याचं कौतुक वाटलं नाही, रागच आला. बरोबर आहे तिचं. रिमोट घराचा असतो, फोन एका माणसाचा. रिमोट टीपॉयवर पडलेला असतो, कोणीही उचलावा. माझा फोन उचलायचा तर कुलूप उघडायला माझं बोट लागतं, मधेच बँकेचा मेसेज येतो, आवाज वाढवता वाढवता कोणाचा तरी कॉल येतो. बायकोने तिच्या फोनवर ॲप घेतलं, पण तिच्या फोनला आयआर नाही, म्हणून हॉलपुरतंच. वाढत वाढत घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर वेगवेगळी दोन-तीन ॲप झाली आणि मुलगा सोडून कोणालाच ती नीट आठवेनात.

उपाय कपाटातच होता: माझा आधीचा रेडमी. काचेला तडा गेलेला, बॅटरी दमलेली, पण आयआरचा दिवा शाबूत. सिम काढलं, सगळं पुसून नव्यासारखा केला, कुलूप काढलं, फक्त वायफाय आणि रिमोटची ॲप ठेवली. पहिल्या पडद्यावर मोठी चित्रं: पंखा, कूलर, टीव्ही. तो आता टीपॉयवर चार्जरच्या वायरीला असतो. कोणाचा कॉल येत नाही, कोणी खिशात टाकून नेत नाही. नवा फोन घेताना जुना एक्स्चेंजला देऊन जे किरकोळ पैसे मिळाले असते, त्यापेक्षा हा सौदा चांगला झाला.

एक सावधगिरी त्या ॲपबद्दल. दुकानात 'युनिव्हर्सल रिमोट' म्हणून शोधलं की ढिगाने सापडतात, आणि त्यातली काही प्रत्येक बटणामागे जाहिरात दाखवतात. इन्फ्रारेड सोडायला तुमच्या संपर्कांची किंवा फोटोंची परवानगी लागत नाही. मागत असेल तर ते ॲप काढून टाका. वायफायवरची डबी शोधताना लोकेशन मागितलं जातं, ते जुन्या अँड्रॉइडमध्ये खरंच लागतं, जोडणी झाल्यावर बंद करता येतं.

सेट-टॉप बॉक्सचा रिमोट मात्र टोपलीतून निघाला नाही. मी तो जोडला होता, सगळे आकडे नीट चालत होते. पण आईला तिची चॅनेलं आकड्यांनी पाठ आहेत, आणि आकडे बोटांना. पाचच्या बटणावरच्या उंचवट्यावरून अंगठा फिरतो आणि टीव्हीवरची नजर न काढता मालिका लागते. काचेवर बोटाला काहीच लागत नाही. प्रत्येक आकड्यासाठी मान खाली घालायची, चष्मा लावायचा, तोवर मालिकेचं शीर्षकगीत संपलेलं. "तुझं ते तुझ्यापाशी ठेव बापा," म्हणाली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तिचा रिमोट पुन्हा तिच्या उशाशी गेला.

बाकीचे मूळ रिमोट फेकले नाहीत. डबीचं ॲप नव्याने टाकावं लागलं किंवा कंपनीने जुनं बंद केलं तर पुन्हा शिकवायला ते लागतात. प्रत्येकाच्या पाठीवर कागदी टेप लावून कशाचा ते लिहिलं आणि सेल काढून ठेवले, कारण आत राहिलेले सेल वर्षभरात पाझरतात आणि स्प्रिंगा खातात. कोणालाच न आठवणाऱ्या त्या रिमोटची बटणं डबीला शिकवून घरभर सोडून पाहिली. अजून काहीच चालू झालेलं नाही.